छापखान्यातला जुना संगणक नव्या संगणकाच्या आत कसा नेला

अमळनेरच्या एका छोट्या छापखान्यात गेल्या मे महिन्यापर्यंत एक जुना संगणक रोज सकाळी चालू होत असे. पेंटियम फोर प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी, ४० जीबीची हार्डडिस्क आणि विंडोज एक्सपी, एवढाच त्याचा संसार. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डे, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादा अहिराणी कवितासंग्रह असे जवळजवळ वीस वर्षांचे काम त्या डिस्कवर साठले होते. एके दिवशी डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली. मालकांनी मला बोलावले आणि संगणकाच्या डब्यावर हात ठेवून एवढेच म्हणाले, "भाऊ, यामा मन्हं वीस वरीसनं काम शे."

फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि नवा संगणक आणा, हा सल्ला त्यांना तोवर दोघा-तिघांनी दिला होता. तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता, आणि त्याचे कारण मराठीच्या संगणकीय इतिहासात आहे. त्यांच्या फाइली पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमच्या होत्या आणि त्यांतला मजकूर युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टांमध्ये टंकलेला होता. युनिकोडमध्ये 'क' या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. जुन्या फॉन्टांत तसा तो नसतो. तिथे संगणकाच्या लेखी मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात, फॉन्ट त्यांच्यावर फक्त मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती पत्रिका उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. शिवाय पेजमेकरची ७.० ही २००१ सालची आवृत्ती शेवटची ठरली, त्यामुळे नव्या विंडोजवर ते बसवणे आणि चालवणे हा दरवेळी जुगार असतो. त्या काळच्या अनेक सॉफ्टवेअरची मांडणी, निदान ती बसवणारा भाग, १६ बिटांची असे, आणि ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचा प्रोग्रॅम मुळीच चालवत नाही.

म्हणजे जपायच्या होत्या त्या केवळ फाइली नव्हत्या. फाइली, त्या उघडणारा प्रोग्रॅम, त्याला लागणारे फॉन्ट, टंकनाचा कीबोर्ड बदलणारे सॉफ्टवेअर आणि या सगळ्यांची एकमेकांशी बसलेली घडी, हे सारे एकत्र जपायचे होते. अशा वेळी अख्खा जुना संगणकच नव्या संगणकाच्या आत नेऊन ठेवता येतो. नव्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन नावाचा एक प्रोग्रॅम चालतो आणि तो सोंग घेतो: आपण एक वेगळा संगणक आहोत, आपल्याला मदरबोर्ड आहे, डिस्क आहे, नेटवर्क कार्ड आहे. आतल्या विंडोज एक्सपीला हे सोंग खरेच वाटते. त्याला जी हार्डडिस्क दिसते ती प्रत्यक्षात नव्या संगणकावरची एक मोठी फाइल असते. जुन्या डिस्कची तंतोतंत प्रतिकृती त्या फाइलीत ठेवली की वीस वर्षांपूर्वीचे विंडोज नव्या यंत्रातल्या एका खिडकीत सुरू होते. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर आणि क्यूईएमयू ही यासाठी वापरली जाणारी ओळखीची नावे. मी व्हर्च्युअलबॉक्स वापरतो, म्हणून पुढचे तपशील त्याचे आहेत.

सगळ्यांत आधी लॉक पाहावे

पुष्कळ लेखांत हा मुद्दा शेवटी येतो. तो पहिला यायला हवा. मराठी टंकनाची, हिशेबाची आणि दवाखान्यांत वापरली जाणारी बरीच जुनी सॉफ्टवेअर एका छोट्या हार्डवेअर लॉकवर चालत. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला एक बोटभर लांबीचा ठोकळा लावलेला असे आणि तो असल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. डिस्कची प्रतिकृती कितीही अचूक घेतली तरी हा ठोकळा तिच्यात उतरत नाही. लॉक यूएसबीचे असेल तर अडचण मोठी नाही, कारण नव्या संगणकाला लावलेले यूएसबी उपकरण व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करण्याची सोय असते. लॉक जुन्या पॅरलल पोर्टचे असेल तर मात्र नव्या संगणकाला ते पोर्टच नसते, आणि बाजारात मिळणारी यूएसबी-ते-पॅरलल वायर प्रिंटरपुरती असते, लॉकची विचारपूस तिच्यातून पलीकडे जात नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याकडून जुने लॉक देऊन यूएसबीचे घेता येते का, हे डिस्कला हात लावण्यापूर्वी विचारून घ्यावे. छापखान्याच्या मालकांनी काही वर्षांपूर्वीच यूएसबी लॉक बदलून घेतले होते, म्हणून पुढचे काम शक्य झाले.

इमेज म्हणजे काय

हार्डडिस्क सेक्टर नावाच्या छोट्या-छोट्या घरांत विभागलेली असते. त्या काळच्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे ४० जीबीच्या डिस्कमध्ये सुमारे ७ कोटी ८१ लाख सेक्टर. डिस्क बनवणारे ४० जीबी म्हणजे ४,००० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १,०२४च्या पटीत मोजते, म्हणून तीच डिस्क विंडोजमध्ये ३७.२ जीबीची दिसते. त्यात कुणी काही कापलेले नसते. इमेज घेणे म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरपासून अखेरच्या सेक्टरपर्यंत जे असेल ते त्याच क्रमाने एका फाइलीत उतरवणे. वहीतला मजकूर दुसऱ्या वहीत लिहून घेण्यात आणि वहीचे पानन्‌पान, कोऱ्या आणि खाडाखोड केलेल्या पानांसकट, जसेच्या तसे छापून घेण्यात जो फरक आहे तोच इथे आहे. डिस्कवर १२ जीबीचाच मजकूर असला तरी इमेज पूर्ण ४० जीबीची होते.

पहिल्या सेक्टरचे महत्त्व वेगळे. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिल्या ४४६ बाइटांच्या भागात संगणक सुरू करणारी छोटी आज्ञावली असते, पुढच्या ६४ बाइटांत डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याची चार ओळींची नोंद असते आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. आपल्याकडच्या माणसाला सांगायचे तर तो त्या डिस्कचा सातबारा आहे. पुष्कळ जण फक्त सी ड्राइव्हची इमेज घेतात आणि ती व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू का होत नाही म्हणून डोके धरून बसतात. सी ड्राइव्हचे शेत त्यांनी पूर्ण उतरवलेले असते, सातबारा मात्र मागे राहिलेला असतो. इमेज नेहमी अख्ख्या डिस्कची घ्यावी.

डिस्क काढून प्रत घेणे

या सगळ्या खटाटोपातले खरे काम हेच आहे. व्हर्च्युअल मशीन दहादा बिघडली तरी दहादा नव्याने करता येते. मरायला टेकलेली डिस्क मात्र एखादेच वाचन पूर्ण करू देते, आणि ते वाया घालवायचे नसते.

संगणकाचा डबा उघडला तेव्हा आत काळ्या मातीच्या धुळीचा थर होता आणि प्रोसेसरच्या पंख्याची पाती त्या थराने दुप्पट जाड झाली होती. डिस्क जुन्या आयडीई प्रकारची होती: चपटी रुंद केबल, चाळीस पिनांची जोडणी आणि बाजूला वीजपुरवठ्याचे चार टाचण्यांचे पांढरे टोक. अशा डिस्कसाठी यूएसबी अडॅप्टर मिळतो, पण तो स्वतंत्र वीजपुरवठ्याचा असावा, कारण साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही. डिस्कच्या मागच्या बाजूला एक इवलासा जंपर असतो. तो मास्टरच्या जागी नसेल तर काही अडॅप्टरांना डिस्क दिसत नाही, आणि माणूस डिस्क मेली असे समजून हाय खातो. जंपरच्या जागांचा नकाशा डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो.

अशी डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडू नये. विंडोजला ती डिस्क दिसली की ते तिच्यावर काहीतरी लिहायला जाते, कधी डिस्क तपासू का म्हणून विचारते, कधी फॉरमॅट करू का म्हणून विचारते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तेलघाणीच्या हिशेबाची डिस्क माझ्याकडे आली होती आणि मी तपासणीला होकार दिला होता. तपासणी संपली तेव्हा हिशेबाचे फोल्डर नाहीसे झाले होते आणि फाउंड.००० नावाच्या एका फोल्डरमध्ये निनावी तुकड्यांची रास पडली होती. विंडोजची तपासणी डिस्कवरच्या नोंदी आपापसांत जुळवते, आणि त्या जुळवताना जे बसत नाही ते उपटून बाजूला ठेवते. धडधाकट डिस्कवर ते ठीक आहे. खराब होत चाललेल्या डिस्कवर त्याने वाचवता येण्यासारखा मजकूरही जातो. त्या घाणीवाल्यांनी मला बोल लावला नाही, पण वहीवरून तीन महिन्यांच्या नोंदी पुन्हा भरताना त्यांच्या मुनीमजींचा चेहरा मला आजही आठवतो.

म्हणून हे काम पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्सवर करावे आणि डिस्क उघडून पाहण्याचा, म्हणजे माउंट करण्याचा, मोह टाळावा. प्रत घेण्यासाठी जीएनयूचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरावा. साधी नक्कल करणारा प्रोग्रॅम खराब सेक्टर आला की तिथेच अडून बसतो किंवा त्याच जागेवर डोके आपटत राहतो, आणि प्रत्येक आपटण्याला डिस्क थोडी अधिक झिजते. डीडीरेस्क्यू शहाण्या माणसासारखा वागतो. आधी जे सहज मिळते ते सगळे गोळा करतो, अडलेल्या जागांवरून उडी मारून पुढे जातो आणि त्या जागांची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवतो. चांगला भाग हाती आल्यावरच तो मागे वळतो आणि अडलेल्या जागांच्या कडा थोड्या-थोड्या कुरतडत आत जातो. या नोंदीच्या फाइलीला मॅप फाइल म्हणतात. तिच्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे चालू करता येते, आणि मे महिन्यातल्या अमळनेरात ही सोय काही लहान नव्हे. आम्ही काम मुद्दाम रात्री सुरू केले. दुपारी बाहेर पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला असताना बंद खोलीत जुनी डिस्क तासन्‌तास फिरवणे म्हणजे तिला मुद्दाम मारणे.

डीडीरेस्क्यूला आधी मूळ डिस्क, मग इमेजची फाइल आणि मग मॅप फाइल सांगायची असते. हा क्रम उलटा झाला तर रिकाम्या जागेची नक्कल मूळ डिस्कवर चढू शकते. लक्ष्य म्हणून फाइलऐवजी थेट एखादी डिस्क दिली तर जबरदस्तीचा खास पर्याय लिहिल्याशिवाय हा प्रोग्रॅम लिहायला तयार होत नाही, ही त्यातली त्यात बरी गोष्ट. तरीही लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी अशा नावांनी दिसणाऱ्या डिस्कपैकी आपली कोणती, हे तिच्या मॉडेल क्रमांकावरून आणि आकारावरून दोनदा पडताळून घ्यावे. इमेज ज्या बाहेरच्या डिस्कवर ठेवायची तिची रचना फॅट-३२ असू नये, कारण त्या रचनेत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि काम काही मिनिटांतच अडून थांबते.

धडधाकट डिस्कची प्रत अर्ध्या-एक तासात होते. आमची दुसऱ्या दिवशी दुपारी संपली आणि अगदी थोडा भाग अखेरपर्यंत वाचता आला नाही. इमेजमध्ये त्या जागी शून्ये राहतात. एवढ्याशा नुकसानीत विंडोज सुरू होईल की नाही हे ती शून्ये कुठे पडली यावर असते, त्यात आपला काही हात नसतो.

प्रत झाली की तिचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून हिशेबाने निघणारा ठसा, काढून कागदावर लिहून ठेवावा. खतावणीच्या पानाखाली बेरीज मांडून ठेवतात तसाच हा प्रकार आहे. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी चौसष्ट अंकाक्षरांची ही ओळ पूर्ण वेगळी येते, त्यामुळे उद्या दुसऱ्या डिस्कवर नेलेली प्रत मूळ इमेजसारखीच आहे का हे एका आज्ञेत कळते.

इमेजचे रूपांतर

हा भाग सोपा आहे. डीडीरेस्क्यूने दिलेली इमेज कच्च्या स्वरूपाची असते. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर येणारा व्हीबॉक्समॅनेज किंवा क्यूईएमयूबरोबर येणारा क्यूईएमयू-आयएमजी तिच्यापासून व्हीडीआय किंवा व्हीएमडीके प्रकारची फाइल बनवतो. नवी फाइल सहसा इमेजपेक्षा लहान होते, कारण निव्वळ शून्यांचे पट्टे तिच्यात साठवले जात नाहीत. पण ती १२ जीबीची होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पुसलेल्या फाइलींचा मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो आणि तो शून्य नसतो. रूपांतर म्हणजे नवी प्रत असल्याने कच्ची इमेज शाबूत राहते. ती फक्त-वाचनासाठी करून बाजूला ठेवावी आणि पुढचे सगळे प्रयोग रूपांतरित फाइलीवर करावेत.

निळा पडदा

व्हर्च्युअल मशीन पहिल्यांदा सुरू केली की बहुधा एक्सपीची खूण दिसते, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन पुन्हा सुरू होते. मग तेच, पुन्हा तेच. सुरुवातीला एफ-८ दाबून येणाऱ्या यादीतून बिघाडानंतर आपोआप सुरू होणे बंद करावे, म्हणजे निळा पडदा थांबतो आणि वाचता येतो. त्यावर शेवटी ७बी असलेला क्रमांक असेल तर अर्थ असा, की विंडोजला आपली स्वतःची डिस्क सापडली नाही.

डिस्क तर समोर आहे, मग सापडत का नाही? विंडोज सुरू होताना सगळे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, उघडत नाही. डिस्कशी बोलण्यासाठी अगदी सुरुवातीला कोणते ड्रायव्हर लागतील याची एक छोटी यादी त्याने बसवणुकीच्या वेळीच करून ठेवलेली असते, आणि तिच्यात फक्त जुन्या मदरबोर्डवरच्या कंट्रोलरचे, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपचे, नाव असते. व्हर्च्युअल मशीन दाखवते तो कंट्रोलर वेगळा असतो. त्याचा ड्रायव्हर डिस्कवर आहे, पण डिस्क वाचल्याशिवाय तो मिळत नाही, आणि तो मिळाल्याशिवाय डिस्क वाचता येत नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

पहिला उपाय सेटिंगमध्ये. नवी मशीन बनवताना व्हर्च्युअलबॉक्स कधी साटा या आयडीईनंतरच्या प्रकारचा कंट्रोलर सुचवतो. एक्सपीच्या मूळ बसवणुकीत साटाचा ड्रायव्हर नसतो. म्हणून आयडीई कंट्रोलर निवडावा आणि त्याचा प्रकार पीआयआयएक्स-४ ठेवावा. १९९०च्या दशकातल्या इंटेलच्या या चिपची एक्सपीला चांगली ओळख असते. जुना मदरबोर्ड इंटेल चिपसेटचा असेल तर कधीकधी एवढ्यावरच भागते.

आमचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या चिपसेटचा होता, त्यामुळे विंडोजच्या त्या यादीत बाहेरून नाव घालावे लागले. त्यासाठी व्हीडीआय फाइल दुसऱ्या एका विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला जादा डिस्क म्हणून जोडली, तिच्यातल्या सिस्टिम-३२ फोल्डरातल्या कॉन्फिगमधली सिस्टिम नावाची रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीची, फाइल रजिस्ट्री एडिटरमध्ये चढवली आणि आयडीईच्या ड्रायव्हरांच्या नोंदी घातल्या. इथे एक गोष्ट फसवते. पुस्तकी सूचनांत जिथे करंट-कंट्रोल-सेट लिहिलेले असते ते नाव बंद विंडोजच्या रजिस्ट्रीत नसतेच. ते चालू विंडोजमध्येच दिसते. बंद प्रतीत त्याऐवजी बहुधा कंट्रोल-सेट-००१ मध्ये बदल करावा लागतो. अटापी, इंटेलआयडीई आणि पीसीआयआयडीई या ड्रायव्हरांच्या स्टार्टची किंमत शून्य करायची, म्हणजे ते अगदी सुरुवातीला उघडले जातात, आणि त्या फाइली ड्रायव्हर्सच्या फोल्डरात आहेत ना हे पाहायचे.

रजिस्ट्रीत हात घालायचा नसेल तर एक्सपीच्या सीडीवरून दुरुस्तीची बसवणूक करता येते. फक्त सीडी सुरू झाल्यावर पहिल्याच पडद्यावर दुरुस्तीसाठी आर दाबा असे येते, ते दाबायचे नाही. तो रस्ता काळ्या पडद्यावरच्या रिकव्हरी कन्सोलकडे जातो. एंटर दाबून पुढे जावे, एफ-८ ने अटी मान्य कराव्यात आणि जुने विंडोज सापडल्यावर दुसऱ्यांदा विचारले जाते तेव्हा आर दाबावा.

निळ्या पडद्याऐवजी काळाच पडदा राहिला तर मशीनच्या सेटिंगमधला आय-ओ-एपिक हा पर्याय चालू करून पाहावा. नवा संगणक एएमडी प्रोसेसरचा आणि जुना इंटेलचा असेल तर इंटेलपीपीएम हा ड्रायव्हर सुरुवातीलाच मशीन पाडू शकतो. वरच्याच पद्धतीने रजिस्ट्रीत त्याच्या स्टार्टची किंमत ४ करून तो बंद करावा. प्रोसेसर एकच द्यावा, मेमरी १ जीबी पुष्कळ झाली.

विंडोज उघडल्यावर

नवे हार्डवेअर सापडल्याच्या सूचनांचा पाऊस पडतो, तो पडू द्यावा. मग गेस्ट अॅडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक सॉफ्टवेअर आतल्या विंडोजमध्ये बसवले की पडद्याचा आकार नीट होतो आणि दोन्ही संगणकांत सामाईक फोल्डर ठेवता येते. एक्सपी मात्र आपल्याला नवे यंत्र मिळाले हे ओळखते आणि पुन्हा सक्रिय करण्याची मागणी करते. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो; पेटीतून विकत घेतलेली रिटेल प्रत दुसरीकडे नेता येते. मालकांच्या लोखंडी कपाटात पेटी आणि बिल दोन्ही निघाले, आणि त्या बिलावर त्यांनी त्या काळी स्वतःच 'जपून ठेवणे' असे लिहून ठेवले होते.

या मशीनला इंटरनेट देऊ नये. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला आणि त्यानंतर सापडलेली भगदाडे सहसा बुजवली गेलेली नाहीत. सेटिंगमध्ये नेटवर्क कार्डाची जोडणीच काढून टाकावी. फाइलींची ये-जा सामाईक फोल्डरमधून होते. छपाईही तशीच: पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छपाईसाठीच्या स्वरूपातली, फाइल काढायची, ती सामाईक फोल्डरात टाकायची आणि नव्या संगणकावर तिची पीडीएफ करून छापायची. सगळे जमले की मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्यावा. स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात, म्हणून काही बिघडले तर एका क्लिकवर चांगल्या स्थितीला परतता येते. मात्र स्नॅपशॉट ही दुसऱ्या डिस्कवरची प्रत नव्हे. नवी डिस्क गेली तर तोही तिच्याबरोबर जातो.

मालकांनी पहिली फाइल उघडली ती २००६ सालच्या एका लग्नपत्रिकेची. अक्षरे जागच्या जागी होती, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळही होती. त्या नवरदेवाच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका त्यांना त्याच आठवड्यात करायची होती, आणि त्यांनी जुन्या पत्रिकेवरच नवी नावे टंकायला सुरुवात केली. जुनी डिस्क आता जंपरसकट एका डब्यात आहे. कच्च्या इमेजची एक प्रत छापखान्यात आणि दुसरी त्यांच्या मुलीकडे धुळ्याला ठेवली आहे, आणि चौसष्ट अंकाक्षरांची ती ओळ लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे.